सहाशे भागिले चौदा

आप्पांना दाबाचं माप कशात, असं कुणी विचारलेलं खपत नसे. ज्या कॉम्प्रेसर-हाउसात त्यांनी फोरमन म्हणून उभी हयात काढली, तिथं माणसं नुसता आकडा बोलत. "सातवर ने." "साडेपाचला सोड." सात काय, साडेपाच कशाचे, असं एखाद्या नवख्यानं विचारलं की सगळी पाळी त्याच्याकडे अशी बघे, जणू यानं स्वतःच्याच बायकोचं नाव दुसऱ्याला विचारलंय. तिथं सगळं किलोत होतं, चौरस सेंटिमीटरला अमुक किलो, आणि ते इतकं अंगात मुरलेलं की किलो हा शब्द उच्चारणं म्हणजे जिभेला फुकटचे श्रम. बाहेरून येणारी यंत्रं मात्र आपापली मापं घेऊन येत. कुणाच्या तबकडीवर पौंड, कुणाच्या तबकडीवर बार, एखाद्या म्हाताऱ्या पंपावर पाऱ्याचे मिलिमीटर. ती सगळी आप्पांच्या डोक्यात एका कानानं शिरत आणि तोंडातून किलो होऊन बाहेर पडत. कागद नाही, पेन्सिल नाही. ओठ जरासे हलत, बस्स.

निवृत्त झाल्यावर ही खोड घरी आली. लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात, आमचे आप्पा भागाकार घेऊन आले, असं सून म्हणायची. डॉक्टरांनी रक्तदाब एकशेसाठ सांगितला, तर आप्पा म्हणाले, "म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोनशे अठरा ग्रॅम. एवढ्यात सायकलची ट्यूब फुगत नाही डॉक्टर, आणि तुम्ही माझं मीठ बंद करताय." डॉक्टर मनापासून हसले. मीठ बंदच राहिलं.

मग फुप्फुसं कामातून गेली. जन्मभर हवा दाबून पाइपात भरणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःपुरती हवा ओढवेना, यावर नातेवाइकांनी जमतील तेवढे विनोद करून घेतले, आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर उभं राहिलं. मुलगा दिवसभर विम्याच्या कचेरीत. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या संसारात. तेव्हा सिलिंडर सुनेच्या खाती जमा झालं. या घरात बेवारस कामं तिच्याच खाती जमा होत, तिला विचारायची पद्धत नव्हती.

आप्पांनी तिला दोनच गोष्टी शिकवल्या. फ्लोचा नॉब दोनवर. आणि काटा चाळीसवर आला की नवीन सिलिंडर मागवायचं.

"चाळीस काय?" तिनं विचारलं.

"चाळीस म्हणजे चाळीस. कशाचे म्हणून जो विचारतो त्याला यंत्र कळलेलं नसतं."

"मला नाहीच कळलेलं."

"म्हणून तर आकडा पाठ कर म्हणतोय, सूनबाई."

दोघांचं पटायचं. मुलगा बापाशी औषधापलीकडे बोलत नसे, मुलगी आली की डोळ्यांना पदर लावी, तेव्हा चेष्टामस्करीला आप्पांना घरात हिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. तिलाही उरलं नव्हतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायला बाई हवी होती. पूर्वीही अशी एक संधी आली होती, ती सिलिंडरपायी गेली. या वेळी आप्पांनीच हट्ट धरला. "माझ्या नळीचं दुसरं टोक तुझ्या पायात अडकवलंय का? जाऊन ये मुलाखतीला." नणंद येऊन बसणार होती. सगळं ठरलं. आणि नेमका त्याच सकाळी काटा अडला.

काल नव्वद, रात्री नव्वद, आजही नव्वद.

"मी श्वास घ्यायचं सोडलंय की काय, बघ जरा," आप्पा म्हणाले.

तिनं फोन केला. सिलिंडरवाला स्कूटरवरून आला, काचेवर टिचकी मारली, मान हलवली आणि रेग्युलेटरच बदलून टाकला. त्याच्याकडे शिल्लक होता तो दुसऱ्या बनावटीचा, मोठ्या तबकडीचा. भरलेलं सिलिंडर संध्याकाळच्या गाडीनं येईल, असं सांगून तो गेला. नव्या तबकडीवर काटा सहाशेवर स्थिर होता.

"आप्पा, हा सहाशे दाखवतोय," सून म्हणाली. "नव्वदाचे सहाशे कसे झाले?"

"आकड्यांखाली बारीक काय लिहिलंय?"

तिनं वाकून वाचलं. "पीएसआय."

आप्पांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायात आधीच चपला.

"पुष्कळ आहे," ते म्हणाले. "जा तू."

नणंद आली तेव्हा ती दारातच होती. "ताई, सिलिंडर पुष्कळ आहे," एवढं सांगून ती जिना उतरली.

मुलाखत चांगली झाली. समोरच्या बाईंनी तिथल्या तिथंच एक तारखेपासून या म्हटलं. येताना बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली, आणि ही बातमी आप्पांना कशी सांगायची, आधी तोंड पाडून की थेट, याचा ती विचार करत राहिली. गल्लीत शिरली तर शेजारीण फाटकाशीच उभी होती. आप्पांना दवाखान्यात नेलं होतं. सिलिंडर संपलं होतं. नणंद गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होती, आत आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्याच्या बाकावर नणंद रडत होती आणि नवरा भिंतीला टेकून उभा होता. आप्पा काचेपलीकडे, तोंडावर मुखवटा. वाचतील, डॉक्टर म्हणाले होते, पण पूर्वीसारखे उठून बसतील याची खात्री नाही.

"तू म्हणालीस पुष्कळ आहे," नणंद म्हणाली. "मी तुझ्या भरवशावर होते, वहिनी."

"सहाशे होता हो ताई. मी डोळ्यांनी पाहिला."

"मग संपलं कसं?"

याचं उत्तर तिला संध्याकाळी मिळालं, ती आप्पांचे कपडे न्यायला घरी आली तेव्हा. सिलिंडरवाला भरलेलं सिलिंडर जिन्यावरून फिरवत वर आणत होता. त्यानं ते टेकवलं, घाम पुसला आणि सगळी हकिगत ऐकून घेतली.

"वहिनी, सहाशे म्हणजे बेचाळीस की हो," तो म्हणाला. "तुमचा जुना गेज किलोचा, हा पौंडाचा. चौदानं भागायचं. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

"तुम्ही तरी बोलायचं."

"मी? आप्पांच्या घरात येऊन प्रेशर शिकवू? मागं एकदा बार आणि किलो एकच म्हटलो, तर त्यांनी मला पायपुसण्यावर उभं करून फरक सांगितला होता." तो ओशाळून थांबला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "पण बेचाळीस म्हणजे अगदीच कमी नाही. दोनच्या फ्लोला साडेतीन तास आरामात जातं. तुम्ही किती वेळ बाहेर होता?"

"अडीच तास. जास्तीत जास्त."

त्यानं रेग्युलेटरकडे पाहिलं, आणि तिनंही. नॉब चारवर होता.

"चारला निम्माच वेळ मिळणार," सिलिंडरवाला म्हणाला आणि पान्याकडे वळला.

ती खाटेच्या कडेवर बसली. आता हिशेब असा होता. आप्पांना पीएसआय कळला नाही, हे शक्य नव्हतं. चौदाचा भागाकार चुकला, हे त्याहून शक्य नव्हतं. म्हणजे बेचाळीस आहे हे ठाऊक असून त्यांनी पुष्कळ म्हटलं. आणि त्यानंतर कुणीतरी नॉबला हात लावला. बेरीज सरळ होती, पण ती दुसऱ्याला दाखवायची म्हटलं तर एकही रक्कम तिच्या हातात नव्हती.

रात्री जेवणाच्या ताटावर तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अहो, मी विचारलं होतं आप्पांना. सहाशे म्हणून सांगितलं, पीएसआय म्हणून सांगितलं. तेच म्हणाले, पुष्कळ आहे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "आप्पा म्हणाले? अगं, कुणाचं नाव घेतेयस? झोपेत विचारलं तरी सांगेल असा माणूस तो. तू त्यांना विचारलं असतंस तर हे झालंच नसतं."

"विचारलं म्हणूनच तर गेले मी."

"तुला जायची घाई होती." तो आवाज न चढवता बोलला, आणि त्याचं तेच वाईट होतं. "होतं माणसाच्या हातून. पण निदान त्यांच्यावर ढकलू नकोस."

"फ्लो चारवर होता."

"अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसांनी केला असेल."

म्हणजे आप्पांची हुशारीच तिच्या विरुद्ध साक्षीला उभी होती. एखादा अडाणी सासरा असता तर तिच्या शब्दावर विश्वास बसला असता. नणंदेला विचारायचं तिच्या दोनदा ओठांवर आलं, पण जी बाई बाकावर बसून स्वतःचे केस मुठीत धरून रडतेय, तिला नॉबचं कसं विचारणार? गप्प राहिली. गप्प राहणाऱ्याचं नातेवाईक काय करतात ते ठरलेलं आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याशी फार गोड बोलू लागला. एक मावशी तर म्हणाली, "आकड्यांचं सगळ्यांनाच जमतं असं नाही, बाळा." सुनेनं तिला चहा दिला, बशीसकट.

आप्पांचा मुखवटा निघून नाकाशी नळी आली, त्या दुपारी ती एकटीच त्यांच्याजवळ होती. शेजारची खाट रिकामी होती. आप्पांचा चेहरा आत ओढल्यासारखा दिसत होता, मोजकी हाडं आणि त्यांवर टाकलेली कातडी. ती खुर्ची पुढं ओढून बसली.

"आप्पा, सहाशे भागिले चौदा किती?"

त्यांनी छताकडे पाहिलं.

"चौदा नाही," ते म्हणाले. दम घेतला. "चौदा पॉइंट बावीस. बेचाळीस पॉइंट दोन येतात."

"म्हणजे तुमचं चुकलं नव्हतं."

"माझं कशाला चुकेल?"

इतक्या अशक्त माणसाला इतका तोरा परवडतो कसा, याचं तिला हसू आलं.

"मग पुष्कळ का म्हणालात?"

"बेचाळीस म्हटलं असतं तर तू चपला काढल्या असत्यास. आधी एकदा काढल्यास तशा." पुन्हा दम. "साडेतीन तास होते. तू अडीचात येणार. तासभर हाताशी ठेवला होता."

"तो तास कुठं गेला?"

तिनं पाण्याचा चमचा त्यांच्या ओठांना लावला. ते प्यायले, आणि मग चमच्याकडेच बघत म्हणाले, "मला धाप लागली होती. तिला बघवेना. वाढवला तिनं."

"ताईंनी."

"मी जागा होतो."

"आणि बोलला नाहीत?"

"पोरीनं मायेनं हात लावला. बरंही वाटलं गं. म्हटलं, जरा वेळानं सांगू कमी कर म्हणून." त्यांनी डोळे मिटले. "फार दिवसांनी गाढ झोप लागली."

बाहेर कुणीतरी ढकलखुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"हे सगळं यांना सांगा," ती म्हणाली. "मला बाकी काही नको."

"तिला कळलं तर ती जन्मभर मनाला लावून घेईल. तुला माहीत आहे ना ती कशी आहे."

"आणि मी?"

"तू सोसशील." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, तिच्या लक्षात आलं, अगदी मनापासून कौतुकानं. "दोन टाक्या असल्या तर जाड पत्र्याच्या टाकीवर दाब टाकतात, सूनबाई. पातळ पत्र्यावर टाकत नाहीत."

"मी टाकी नाही, आप्पा."

"नाहीस," ते म्हणाले, आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

आप्पांनी आता नणंदेकडे राहावं, हे भावा-बहिणीनं बाकावर बसल्या बसल्या ठरवलं. सुनेला नवऱ्यानं नंतर कळवलं, आणि तेही असं, की तिच्यावरचं ओझं उतरवून तो तिच्यावर मेहेरबानी करतोय. "तुलाही नोकरी आहे आता," तो म्हणाला. ती नोकरी कशाच्या बदल्यात मिळाली असं घरात आता धरलं जाणार, ते तिला त्याच्या 'तुलाही'मध्येच ऐकू आलं.

घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांशी गाडी लागली. आप्पांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं, पायांशी छोटं सिलिंडर आडवं ठेवलं. तिनं तबकडी पाहिली. पौंडाचीच. नणंद बापाशेजारी बसली, त्यांच्या अंगावरची शाल नीट केली, त्यांना लागलेली धाप पाहिली आणि सहज, पंखा वाढवावा तसा, नॉब फिरवला.

"ताई, दोनवर ठेवा," सून म्हणाली. "डॉक्टरांनी दोनच सांगितलाय."

"चारवर त्यांना बरं वाटतं. मला माहीत आहे."

"त्या दिवशीही तुम्ही चारवर ठेवला होता. म्हणून ते अर्ध्या वेळात संपलं."

बोलून गेली. नवरा औषधांची पिशवी डिकीत ठेवत होता, तो तिथंच थांबला. नणंदेनं आधी तिच्याकडे आणि मग भावाकडे पाहिलं.

"ऐकलंस? आता हे माझ्यावर."

"अगं, काय बोलतेस तू?" नवरा म्हणाला.

"मी खोटं बोलतेय का, ते आप्पांना विचारा. समोर बसलेत."

नवऱ्यानं डिकी लावली. तो खिडकीशी आला, वाकला. खरं तर त्याला हे विचारायचं नव्हतं. पण आता रस्त्यात, गाडीवाल्यासमोर, बायको आणि बहीण दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आप्पा, त्या दिवशी ताईनं नॉबला हात लावला होता का? आणि हिनं जाण्याआधी तुम्हाला आकडा सांगितला होता का?"

आप्पांची नजर मुलीवर गेली. मुलीचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. मग ती सुनेवर आली. सुनेनं नजर हलवली नाही. तिला वाटलं, बोलतील. या माणसाला कुणी चुकीचा आकडा सांगितला तर अंथरुणातून उठून दुरुस्त करतो, हा एवढी मोठी चूक तशीच कशी जाऊ देईल?

"मला काही आठवत नाही," आप्पा म्हणाले.

नवरा सरळ उभा राहिला. "ऑक्सिजन कमी पडला की मागचं पुसलं जातं," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर बोलले होते तसं."

नणंद रडू लागली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सून तेवढ्यात पुढं झाली आणि खिडकीतून म्हणाली, "आप्पा, बाकी राहू द्या. फ्लो किती ठेवायचा तेवढं तरी सांगा ताईंना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "चालतंय," ते म्हणाले. "बरं वाटतंय."

गाडी निघून गेली. दोघं बसथांब्याकडे चालू लागले. नवऱ्यानं रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली होती. बराच पुढं आल्यावर, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "खरंच विचारलं होतंस तू त्यांना?"

"हो."

"मग आता मी ताईला कुठल्या तोंडानं सांगू?" तो म्हणाला. "आणि सांगून उपयोग तरी काय?"

थांब्याच्या खांबाला टेकून तिनं सिलिंडरवाल्याला फोन लावला.

"आप्पा ताईंकडे गेलेत, पत्ता घ्या," ती म्हणाली. "नाही, दोनचा हिशेब नको. चारच्या फ्लोनं धरा, आणि कधीही गेलात तरी एक भरलेलं तिथं उभं पाहिजे. आणि ताईंना काटा किलोत सांगू नका, त्यांची तबकडी पौंडाची आहे. बाराशेच्या खाली आला की फोन करायचा, एवढंच सांगा." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "हो, मी काढलेत बाराशे, चाळीसाची दुप्पट चौदानं गुणून, वर थोडे जास्त. माझं नाव मात्र सांगू नका, नाहीतर त्या ऐकणार नाहीत."

बस आली. नवरा आधी चढला आणि तिच्यासाठी दाराशी हात आडवा धरून उभा राहिला.